वेब डिझाइनमध्येच मुरावे की बॅक-एंड शिकावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. उपयोजित कलेचे शिक्षण घेऊन तुम्ही दोन वर्षांपासून कोथरूडमधल्या एका लहान स्टुडिओत वेबसाइटची कामे करता. फिग्मा या डिझाइनच्या साधनामध्ये पानांचे आराखडे काढणे, ते एचटीएमएल (पानाची रचना) आणि सीएसएसमध्ये (त्याचे रूप) उतरवणे आणि वर्डप्रेस या साइट बांधण्या-चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर साइट चढवून देणे इथपर्यंतचे काम तुम्हाला व्यवस्थित येते. पानाला हालता-बोलता करणारी जावास्क्रिप्ट ही भाषा मात्र इकडून तिकडून उचलून जुळवण्यापुरतीच येते. स्टुडिओतले वरिष्ठ सांगतात की डिझाइनमध्येच प्रावीण्य मिळवा. हिंजवडीत नोकरी करणारा चुलतभाऊ सांगतो की पैसा बॅक-एंडला, म्हणजे साइटच्या पडद्यामागच्या सर्व्हर आणि माहितीसाठ्याच्या कामाला, आहे आणि डिझाइनचे काम फार दिवस टिकणार नाही. पुढच्या वर्षभरातल्या संध्याकाळी आणि क्लासची फी तुम्हाला यांपैकी एकाच बाजूला लावता येणार आहे, म्हणून निवड करायची आहे.

माझे मत आधी सांगतो, कारणे नंतर. डिझाइन सोडू नका. परंतु आज तुम्ही ज्याला वेब डिझाइन म्हणता त्यातला बराचसा भाग येत्या काही वर्षांत तुमच्याकडे कोणी मागणार नाही, हे गृहीत धरून त्या विषयात आणखी खाली उतरा. त्याचबरोबर बॅक-एंडही शिका, मात्र व्यवसाय बदलण्याच्या हेतूने शिकू नका. माहिती कुठे साठते, कशी बदलते आणि कुठे अडकते हे एकदा स्वतःच्या हाताने घडवून पाहण्यासाठी शिका. नोकरी सांभाळून हे सहा-आठ महिन्यांत होण्यासारखे आहे. ते झाल्यावर कायमचे कुठे बसायचे याचा निर्णय तुम्हाला माझ्यापेक्षा आणि चुलतभावापेक्षाही चांगला घेता येईल.

वेब डिझाइन या नावाखाली काय काय मोडते, हे आजवर अनेकदा बदलले आहे. एके काळी फोटोशॉपमध्ये पान रंगवायचे, त्याचे तुकडे कापायचे आणि एचटीएमएलच्या टेबलात ते बसवायचे, हेच वेब डिझाइन होते. त्यानंतर पानावर हलती चित्रे दाखवणाऱ्या फ्लॅशचा जमाना आला. साइट उघडताच फिरणारे बोधचिन्ह आणि कोपऱ्यात ‘स्किप इंट्रो’ हे कौशल्य समजले जाई, आणि ते करणाऱ्यांना मागणीही चांगली होती. आयफोनने फ्लॅश कधीच स्वीकारले नाही आणि अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा पाठिंबा कायमचा थांबवला. २०१० मध्ये ईथन मार्कोट यांनी पडद्याच्या आकारानुसार पान जुळवून घेणाऱ्या रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइनची कल्पना मांडली, २०११ मध्ये बूटस्ट्रॅप हा तयार सीएसएसचा संच आला, आणि रकाने जुळवण्याची जी कारागिरी लोक वर्षानुवर्षे शिकत होते ती एका फाइलमध्ये तयार मिळू लागली. मार्च २०१७ मध्ये प्रमुख ब्राउझरांत सीएसएस ग्रिड ही रकाने-ओळी मांडण्याची सीएसएसचीच सोय आल्यावर तर बूटस्ट्रॅपचीही गरज बरीच कमी झाली. प्रत्येक वेळी ज्यांचे कौशल्य केवळ साधनात होते ते मागे पडले, आणि वापरणारा माणूस पानावर येऊन नेमके काय करू पाहतो हे ज्यांना कळत होते ते साधन बदलून पुढे गेले.

तुमच्या स्टुडिओचे बहुतेक ग्राहक कसे असतील याची मला कल्पना आहे: भोसरी-चाकणकडचे सुटे भाग बनवणारे कारखानदार, एखादा दवाखाना, दोन-तीन क्लासेस, नव्या गृहप्रकल्पाची जाहिरात करणारा बिल्डर. यांना पाच पानांची साइट लागते: मुख्य पान, आमच्याविषयी, उत्पादने किंवा सेवा, छायाचित्रे आणि संपर्क. हे काम आता तयार थीम करते, ओढून-सोडून पान बांधणारी साधने करतात, आणि चार वाक्यांत वर्णन लिहून दिले तर एआयसुद्धा बरे दिसणारे पान काढून देते. ग्राहकाचा भाचा ते घरी बसून करू शकतो आणि बऱ्याचदा करतोही. या कामात आणखी एक वर्ष घालवून ते अधिक सफाईने करणे याला मी प्रावीण्य म्हणणार नाही.

खोली कुठे आहे, ते दाखवण्यासाठी आपल्या अगदी हाताशी असलेले उदाहरण घेतो. मराठी मजकूर असलेली साइट करताना पुण्यातले बहुसंख्य डिझायनर इंग्रजीसाठी केलेला आराखडाच पुढे ओढतात. शीर्षकात अक्षरांमधले अंतर वाढवून दिलेले असते. इंग्रजीत ते डौलदार दिसते, देवनागरीत शिरोरेषेचे तुकडे पडतात. ओळींमधले अंतर इंग्रजीला पुरेल इतकेच ठेवलेले असते, त्यामुळे वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडतात, आणि बटणावरच्या ‘र्थी’सारख्या अक्षराचा रफार वरून कापला जातो. पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा मराठी आहे असे नोंदवलेले नसते, म्हणून ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचा पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ यांची सोय आहे तोही हिंदी वळणाची अक्षरे दाखवत राहतो. ही नोंद अवघ्या एका शब्दाची असते, आणि आवाजात मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही त्याच नोंदीवरून उच्चार कोणत्या भाषेचे करायचे ते कळते. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांमुळे आकृत्या खूप असतात, फाइल जड होते, आणि कमी रेंजच्या मोबाइलवर मजकूर उशिरा उमटतो. मग फॉन्टचा कोणता भाग आधी पाठवायचा आणि तोवर कोणता फॉन्ट दाखवायचा हे ठरवावे लागते. हे सगळे बारकाईने जाणणारी माणसे फार थोडी आहेत, आणि मराठीत सेवा देऊ पाहणाऱ्या बँका, वृत्तसंस्था, सहकारी संस्था आणि सरकारी कंत्राटदार यांना ती हवी आहेत. सी-डॅकसारखी भारतीय भाषांच्या संगणकीकरणात काम करणारी संस्था ज्या शहरात १९८८ पासून आहे, त्या शहरात हा विषय इतका दुर्लक्षित राहावा याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

दुसरी खोली सुगमतेची, म्हणजे दिव्यांगांनाही साइट वापरता यावी याची आहे. मजकुराचा रंग आणि पार्श्वभूमी यांतला फरक नेहमीच्या आकाराच्या अक्षरांसाठी किमान ४.५ : १ असावा, माउस न वापरता केवळ कीबोर्डवर फॉर्म भरता यावा, चूक झाली तर ती फक्त लाल चौकटीने न दाखवता शब्दांत सांगावी, चित्राला पर्यायी मजकूर असावा, हे डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांत लिहिलेले आहे आणि त्याची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ लागू आहे. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ई-केवायसीच्या (ऑनलाइन ओळख-पडताळणीच्या) प्रकरणात निकाल देताना डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. याचा व्यावहारिक अर्थ असा की आजवर ‘वेळ उरला तर बघू’ म्हणून सोडली जाणारी ही बाब वित्तसंस्था आणि सरकारी साइट यांच्यासाठी अटळ होत चालली आहे. ती तपासणारा आणि दुरुस्त करून देणारा माणूस डिझाइन जाणणाराच लागतो.

वेगाबद्दल एवढेच सांगतो की मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा आणि बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत पानाने प्रतिसाद द्यावा, हे गूगलचे मापदंड आहेत. साइट मंद असल्याचा दोष ग्राहक होस्टिंगवर टाकतो. पुष्कळदा तो मुख्य पानावरच्या फाइल लहान न केलेल्या छायाचित्रांचा आणि डझनभर प्लगइनांचा (साइटला जोडलेल्या तयार उपकार्यक्रमांचा) असतो.

आता बॅक-एंडकडे येतो. हा शब्द ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरे येत असतील तर ती बाजूला ठेवा. बॅक-एंडचे मूळ काम म्हणजे एकाच वेळी अनेक माणसे एकाच नोंदीला हात लावत असताना ती नोंद खरी ठेवणे. समजा, सदाशिव पेठेतल्या एका फराळवाल्याची साइट तुम्ही केली आणि वसुबारसेच्या संध्याकाळी चकलीचे एकच पाकीट शिल्लक आहे. एक गिऱ्हाईक औंधहून आणि दुसरे हडपसरहून त्याच क्षणी ‘ऑर्डर करा’ दाबते. प्रोग्रामने आधी शिल्लक वाचली, ती एक आहे असे पाहिले आणि मग एक वजा करून परत लिहिली, असे दोन टप्पे असतील, तर दोघांच्याही विनंतीला शिल्लक एकच दिसते आणि एकच पाकीट दोघांना विकले जाते. उपाय फार अवघड नाही: ‘शिल्लक शून्याहून जास्त असेल तरच एक कमी कर’ ही सगळी आज्ञा डेटाबेसला, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या प्रणालीला, एका वाक्यात द्यायची, आणि त्याने किती ओळी बदलल्या ते विचारायचे, एक बदलली तर ऑर्डर पक्की, शून्य बदलल्या तर माल संपला. पण असा प्रश्न उद्भवू शकतो हे आधी सुचावे लागते. तुमच्या संगणकावर तुम्ही एकटेच चाचणी करत असताना तो कधीच उद्भवत नाही आणि दिवाळीच्या गर्दीत हमखास उद्भवतो.

पैशांचे प्रकरण याहून नाजूक आहे. गिऱ्हाइकाने यूपीआयने पैसे दिले, बँकेचा संदेश आला, पण साइटवर परत येण्याआधीच मोबाइलची बॅटरी गेली. त्याच्या ब्राउझरवर विसंबून ऑर्डर नोंदवली असती तर पैसे गेले आणि ऑर्डर नाही, असे झाले असते. म्हणून पेमेंट गेटवे, म्हणजे बँक आणि साइट यांच्यामधली पैसे घेणारी सेवा, आपल्या सर्व्हरला वेगळा निरोप पाठवतो, आणि तो निरोप पोहोचल्याची खात्री पटली नाही तर पुन्हा पाठवतो. म्हणजे एकाच व्यवहाराचा निरोप दोनदा येऊ शकतो, आणि दोनदा आला तरी ऑर्डर एकदाच नोंदवली जावी यासाठी व्यवहाराचा क्रमांक डेटाबेसमध्ये अद्वितीय ठेवावा लागतो. त्याशिवाय तो निरोप खरोखर गेटवेकडूनच आला आहे की कोणी खोडसाळपणे पाठवला आहे, हे त्यावरच्या डिजिटल स्वाक्षरीवरून तपासावे लागते.

या दोन उदाहरणांत डिझायनरचे काम कुठे आहे, हा माझ्या उत्तराचा गाभा आहे. पैसे गेले पण गेटवेचा निरोप अजून आलेला नाही, त्या अर्ध्या-एक मिनिटात पडद्यावर काय दिसावे? ‘काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा’ असे लिहिले तर माणूस पुन्हा पैसे भरेल. ‘तुमचे पैसे मिळाल्याची खातरजमा होत आहे, कृपया पुन्हा पैसे भरू नका, दहा मिनिटांत एसएमएस येईल’ असे लिहिले तर तो थांबेल. हे वाक्य आणि त्यासाठीचा पडदा फिग्मात काढायचा हे त्याच डिझायनरला सुचते ज्याला मधली ही अवस्था अस्तित्वात आहे हे ठाऊक असते. मी पाहिलेल्या बहुतेक आराखड्यांत सगळे सुरळीत झाल्याचे पडदे असतात: यादी भरलेली, नावे आटोपशीर, छायाचित्रे एका मापाची. यादी रिकामी असेल तेव्हा काय, माहिती यायला वेळ लागला तर काय, निम्मी आली आणि निम्मी आली नाही तर काय, आडनाव आणि नाव मिळून दोन ओळी झाल्या तर काय, हे प्रश्न प्रोग्रामरवर सोडून दिलेले असतात, आणि तो घाईत जे सुचेल ते लिहून मोकळा होतो. या मधल्या अवस्था आधीच काढून आणणारा डिझायनर प्रोग्रामरांच्या खोलीत मानाने वावरतो.

एक लहानसे उदाहरण दोन्ही बाजू कशा गुंतलेल्या असतात ते दाखवील. फॉर्ममध्ये नावाला अक्षरांची मर्यादा घालायची आहे. पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेतील नेहमीच्या पद्धतीने ‘पुणे’ या शब्दाची लांबी मोजली तर उत्तर १२ येते, कारण ती पद्धत बाइट मोजते आणि यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. युनिकोड चिन्हे मोजणारी दुसरी पद्धत वापरली तर उत्तर ४ येते: प, उकार, ण, मात्रा. आणि वाचणाऱ्याच्या दृष्टीने अक्षरे दोनच आहेत. इंग्रजीत तिन्ही उत्तरे सारखीच येतात, त्यामुळे इंग्रजीत तपासलेला फॉर्म मराठी नाव अर्ध्यावर तोडतो, कधी कधी तर अक्षराच्या मधोमध तोडून शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन उमटवतो. ग्राहक याची तक्रार ‘डिझाइन बिघडले’ अशीच करतो.

स्वभावाचाही विचार करा. डिझाइनच्या कामावर प्रत्येकाचे मत असते. ग्राहक, त्याची पत्नी, त्याचा विक्री-प्रतिनिधी, सगळे ‘बोधचिन्ह जरा मोठे करा’ म्हणतात आणि तुम्हाला ते समजावून सांगत, कधी मान्य करत पुढे जावे लागते. बॅक-एंडच्या कामावर कोणाचेच मत नसते, कारण ते कोणाला दिसतच नाही; ते बंद पडते तेव्हाच दिसते, आणि बंद पडण्याची वेळ आपल्या सोयीची नसते. रात्री सर्व्हर बसला तर उठून लॉग, म्हणजे सर्व्हरने ठेवलेल्या नोंदी, वाचाव्या लागतात. लोकांचे पासवर्ड, पत्ते आणि मोबाइल क्रमांक आपल्या हाती असतात. पासवर्ड जसाच्या तसा कधीही न साठवता तो उलट फिरवता न येणाऱ्या रूपातच ठेवायचा, फॉर्ममधून आलेला मजकूर डेटाबेसच्या आज्ञेत थेट जोडायचा नाही, या शिस्ती तिथे अंगवळणी पडाव्या लागतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाल्यापासून या जबाबदारीला कायदेशीर वजनही आले आहे.

पुण्याच्या बाजाराबद्दल तुमचा चुलतभाऊ सांगतो त्यात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या मोठ्या सेवा-कंपन्या माणसे मुख्यतः जावा, डॉट-नेट यांसारख्या ठरावीक तंत्रज्ञानांनुसार घेतात, त्यांच्या जागा संख्येने जास्त असतात, आणि अनुभवी बॅक-एंडवाल्याला तिथे पाच पानांची साइट करणाऱ्या डिझायनरपेक्षा अधिक पगार मिळतो, यात शंका नाही. मात्र त्या रांगेत दरवर्षी पुणे परिसरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणारी हजारो मुले उभी असतात. त्यांचा चार वर्षांचा अभ्यास झालेला असतो, कॅम्पसमधून त्यांची निवड होते, आणि पुष्कळ ठिकाणी पहिल्याच चाळणीत पदवी कोणती आहे हे पाहिले जाते. उपयोजित कलेचे प्रमाणपत्र आणि सहा महिन्यांचा क्लास घेऊन त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहणे, आणि जे आपल्याकडे आहे व त्यांच्याकडे नाही ते घरी ठेवून जाणे, हा सौदा मला बरा वाटत नाही. याउलट बाणेर-बालेवाडीकडच्या लहान उत्पादन-कंपन्यांत आणि स्टार्टअपमध्ये डिझाइन करणारा, ते स्वतः फ्रंट-एंडमध्ये (ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या भागात) उतरवणारा आणि डेटाबेसचे टेबल पाहून न बिचकणारा माणूस मिळत नाही अशी तक्रार मी सतत ऐकतो. जाहिरातीत ते ‘फुल स्टॅक’, म्हणजे पुढची-मागची दोन्ही कामे करणारा, असे लिहितात. मुलाखतीत नीट विचारले तर बहुतेकांना हाच माणूस हवा असतो.

शिकण्याचा क्रम मी असा ठेवीन. सुरुवात बॅक-एंडने करू नका. आधी जावास्क्रिप्ट मुळापासून शिका, कारण तुमच्या दोन्ही वाटांना ती लागणारच आहे आणि आज तीच तुमची कच्ची बाजू आहे. एखाद्या फ्रेमवर्कच्या (कोडच्या तयार सांगाड्याच्या) मागे लगेच लागण्याऐवजी ब्राउझर सर्व्हरकडे काय मागतो आणि सर्व्हर काय परत देतो, ते ब्राउझरच्याच डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये रोज पाहत जा. ४०४ (पान सापडले नाही) आणि ५०० (सर्व्हरवरच बिघाड) यांतला फरक तिथे एकदा डोळ्यांनी पाहिला की विसरत नाही. मग एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला आज्ञा देण्याची भाषा. ही भाषा १९७० च्या दशकातली आहे आणि अजून हटलेली नाही. वेबच्या क्षेत्रात इतके टिकाऊ शिक्षण दुसरे क्वचितच मिळेल. त्यानंतर सर्व्हरवरची एक भाषा. तुमच्यासाठी मी पीएचपी सुचवीन, कारण वर्डप्रेस तिच्यातच लिहिलेले आहे आणि ज्या थीम तुम्ही दोन वर्षे बाहेरून वापरता त्या आतून उघडून पाहता येतील. तरुण मुले पीएचपीचे नाव काढले की नाक मुरडतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. जावास्क्रिप्ट हाताला चांगली बसली तर नोड (जावास्क्रिप्ट सर्व्हरवर चालवणारे साधन) घेतले तरी चालेल. दोन्ही एकदम घेऊ नका.

आणि एक पूर्ण वस्तू बनवा. माझ्या मते त्यासाठी पेठेतल्या किंवा तुमच्या भागातल्या एखाद्या छोट्या वाचनालयाची पुस्तक-देवघेव हा विषय उत्तम आहे, कारण तो दिसतो त्यापेक्षा बराच अवघड आहे. पहिल्या दिवशी तुम्ही सभासदांचे एक आणि पुस्तकांचे एक अशी दोन टेबले काढाल आणि पुस्तकाच्या ओळीत ‘कोणाकडे आहे’ असा रकाना ठेवाल. दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल सांगतील की या कादंबरीच्या आमच्याकडे तीन प्रती आहेत. मग पुस्तक वेगळे आणि प्रत वेगळी करावी लागेल, आणि देवघेवीची नोंद प्रतीला जोडावी लागेल. पुढे ते विचारतील की गेल्या वर्षी हे पुस्तक किती जणांनी नेले; ‘कोणाकडे आहे’ या रकान्यात फक्त आजची स्थिती असल्याने उत्तर देता येणार नाही, आणि प्रत्येक देवघेव स्वतंत्र ओळ म्हणून का ठेवायची ते उमगेल. एक प्रत हरवते, एका सभासदाची अनामत परत द्यायची असते, पती-पत्नी एकाच खात्यावर पुस्तके नेतात, दिवाळी अंकांना वेगळी मुदत असते. यातली प्रत्येक गोष्ट आधी टेबलात आणि मग पडद्यावर बसवताना जे शिकायला मिळते ते कोणत्याही व्हिडिओत मिळत नाही. ग्रंथपालांचे वय लक्षात घेऊन अक्षरे मोठी ठेवावी लागतील आणि एका हातात पुस्तक धरून दुसऱ्या हाताने नोंद करता यावी लागेल. तिथे तुमचे पहिले शिक्षण कामाला येईल.

क्लासबद्दल दोन शब्द. ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ असे फलक लावणारे क्लास शहरात ठिकठिकाणी आहेत. ते सगळेच वाईट नाहीत, पण फी भरण्याआधी शिकवणाऱ्याला भेटा, त्याने स्वतः चालवलेली एखादी साइट दाखवायला सांगा आणि आधीच्या तुकडीतल्या दोघांशी परस्पर बोला. सगळ्या तुकडीने शेवटी एकच प्रकल्प केला असेल, म्हणजे तेच किराणा-दुकान तीस जणांच्या बायोडेटात असेल, तर मुलाखत घेणाऱ्याला ते पहिल्या मिनिटात कळते. माझ्या मते एसक्यूएल आणि जावास्क्रिप्टसाठी क्लासची गरजच नाही. तो पैसा वाचवून स्वतःचे डोमेन आणि एक साधा भाड्याचा सर्व्हर घ्या आणि वाचनालयाचे काम त्यावर खरेखुरे चालवा. बॅकअप घेणे, तो परत बसवून पाहणे, सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत सांभाळणे ही कामे तिथेच शिकता येतात.

एआयमुळे बॅक-एंडही संपणार का, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. कोड लिहून देण्याचे काम ती साधने आज बऱ्यापैकी करतात आणि तुम्ही ती जरूर वापरावीत. पण वर सांगितलेल्या फराळाच्या दुकानाचा कोड त्यांच्याकडून मागितला तर शिल्लक वाचून मग वजा करणारी दोन टप्प्यांची रीतही ती बिनदिक्कत देऊ शकतात, आणि दिलेला कोड पहिल्या चाचणीत उत्तम चालतो. त्यात खोट आहे हे ओळखणारा माणूस लागतो. शिकताना म्हणूनच पहिले दोन-तीन महिने कोड स्वतः टाइप करा, चूक दाखवणारे संदेश स्वतः वाचा आणि साधनाला फक्त ‘हे असे का?’ एवढेच विचारा.

वाचनालयाचे काम चालू लागले की स्वतःकडे जरा लक्ष द्या. शनिवारी दुपारी मोकळा वेळ मिळाला तर तुम्ही काय उघडता? मुदत उलटलेल्या पुस्तकांची क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) मंद का चालते हे शोधत, इंडेक्स (शोधसूची) लावून पुन्हा मोजत तास कसा गेला ते कळले नाही, असे होत असेल तर तुमचा कल बॅक-एंडकडे आहे आणि पदवीची अडचण धरूनही तिकडे जाण्यात अर्थ आहे. लहान कंपनीत सुरुवात करून दोन-तीन वर्षांच्या कामावर पुढची दारे उघडतात. ती क्वेरी कशीबशी चालवून तुम्ही ग्रंथपालांच्या पडद्याकडेच पुन्हा पुन्हा वळत असाल, नोंद दोन क्लिकऐवजी एकात कशी होईल याचाच विचार करत असाल, तर डिझाइनमध्येच राहा आणि देवनागरी अक्षररचना, सुगमता किंवा फॉर्मचे शास्त्र यांपैकी एक विषय धरून त्यात नाव करा. पगाराचा विचार या टप्प्यावर करावा, आधी नाही. कारण ज्या चुकीच्या मागे बसायचा कंटाळा येतो तिथे माणूस पाच वर्षांत कनिष्ठच राहतो, आणि कनिष्ठ बॅक-एंडवाल्याचा पगार चांगल्या डिझायनरपेक्षा जास्त असेलच असे नाही.

नोकरी आताच सोडू नका. स्टुडिओच्या मालकांशी बोला आणि पुढच्या एखाद्या साइटचा चौकशी-फॉर्म तयार प्लगइनऐवजी तुम्हाला बांधू द्या असे सांगा: चौकशी डेटाबेसमध्ये साठेल, कारखानदाराला ती यादीत दिसेल, उत्तर दिल्याची खूण करता येईल. लहान स्टुडिओंना वार्षिक देखभालीच्या करारातून मिळणारा पैसा हवाच असतो, आणि असे काम असले की तो करार टिकतो, त्यामुळे ते नाही म्हणण्याची शक्यता कमी आहे. फक्त ते काम कचेरीच्या वेळेत करायचे आणि त्याचा उल्लेख पुढच्या पगारवाढीच्या बोलण्यात येईल, हे सुरुवातीलाच ईमेलवर लिहून घ्या.